बरणीतलं रोप बाहेर येताच का मरतं? टिश्यू कल्चर, हार्डनिंग आणि झाडांचा ‘स्ट्रेस’ समजून घेऊया



“माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!” सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य एकदा तरी म्हटलेलं असतं. आपल्या मशीनवर ॲप झकास चालतं, पण लोकांच्या फोनमध्ये गेलं की पाच मिनिटांत झोपतं. मागच्या मे महिन्यात हेच वाक्य मी मनातल्या मनात म्हटलं, पण लॅपटॉपसमोर नाही. सेमाडोहला आमच्या अंगणात, सहा मेलेल्या रोपांसमोर उभा राहून.

झालं असं. पुण्यात असताना मी ऑनलाइन शोभेच्या अननसाची सहा रोपं मागवली होती. टिश्यू कल्चरची, बंद डबीत, पारदर्शक जेलीवर उभी असलेली, बोटाएवढी हिरवीगार रोपं. सुट्टीत घरी जाताना ती डबी मांडीवर धरून अमरावती, परतवाडा आणि मग घाट असा सगळा प्रवास केला. सेमाडोहला पोचल्यावर रोपं काढली, जेली धुतली, चांगली माती घेऊन कुंड्या भरल्या आणि “झाडाला ऊन हवंच” म्हणून कुंड्या अंगणात ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पानं कागदासारखी झाली. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

बाबा म्हणाले, “काहून रे, पाणी त टाकलं होतं ना?”

“टाकलं होतं बाबा.”

“मंग?”

या ‘मंग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि त्याच आठवड्यात अंजनगाव सुर्जीहून मामाचा फोन आला. नेटवर्क नेहमीप्रमाणे तुटत होतं, पण मुद्दा कळला. “पोट्ट्या, तू इंजिनिअर हायेस, सांग बरं. एकजण जी-नाइन केळीची रोपं दहा रुपयांत देऊन रायला. बाकी सगळीकडं अठरा रुपये हायेत. म्हणते, सेकंडरी हार्डनिंग कायले पायजे, सरळ वावरात लावा. घेऊ का?”

मामाला दोन एकर लावायचे होते. पाच बाय सहा फुटांवर एकरी साधारण १,४५० रोपं, म्हणजे दोन एकराला २,९००. रोपामागे आठ रुपये वाचले तर २३ हजारांच्या वर बचत. माझ्या सहा रोपांचं नुकसान किरकोळ होतं, पण मामाचा सगळा हंगाम पणाला लागला होता. दोघांचा प्रश्न मात्र एकच होता. बरणीत ठणठणीत असलेलं रोप बाहेर आल्यावर का मरतं? चला तर मग, मुळापासून समजून घेऊया.

टिश्यू कल्चर म्हणजे नेमकं काय?

झाडाच्या शेंड्याचा किंवा कोंबाचा अगदी छोटा तुकडा घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा आणि बंद बरणीत अन्नाच्या जेलीवर वाढवायचा. त्याला फुटवे येतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या बरणीत. पुन्हा फुटवे, पुन्हा वेगळे. एका चांगल्या झाडाच्या हुबेहूब हजारो कॉपी तयार होतात. कॉपी-पेस्टच म्हणा ना.

ही जेली नुसती जेली नसते. मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींवर काम करताना क्षारांचं जे मिश्रण ठरवलं, तेच आजही जगभरच्या लॅबमध्ये ‘एमएस मीडियम’ म्हणून वापरतात. त्यात नायट्रोजन, पोटॅश, लोह, जीवनसत्त्वं आणि लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर असते. ही साखर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

महाराष्ट्रात हे तंत्र नवं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, म्हणजे एनसीएलमधल्या गटानं १९८० मध्येच सागाच्या टिश्यू कल्चरवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. १९९० मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी बरणीतल्या बांबूला फुलं आणल्याचं ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. जो बांबू रानात फुलायला कित्येक वर्षं लावतो, तो बरणीत काही महिन्यांत फुलला. पुढे १९९० च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी शेतकऱ्यांपर्यंत नेली. आपण जिला ‘जी-नाइन’ म्हणतो ती हीच. आज अकोट, अंजनगाव भागात केळी लावणारा माणूस टिश्यू कल्चर हा शब्द ‘ठिबक’ इतक्याच सहज बोलतो.

बरणीच्या आतलं जग कसं असतं?

बरणी म्हणजे एसी हॉटेलची खोली. जेवण बेडवर, तापमान २५ अंशांच्या आसपास, हवेत ओलावा जवळजवळ १०० टक्के, उजेड मंद ट्यूबलाइटचा, साधारण दोन-तीन हजार लक्स. वारा नाही, धूळ नाही, बुरशी नाही, ऊन नाही.

अशा ठिकाणी रोप काय करतं? जे लागत नाही ते बनवतच नाही. आपण ॲप बनवताना जे फीचर कुणी वापरणार नाही ते लिहीत नाही, तसंच.

पहिली गोष्ट, पानावरचा मेणाचा थर. बाहेरच्या झाडाच्या पानावर पातळ मेणकट आवरण असतं, त्यामुळे पाणी उडून जात नाही. बरणीतल्या पानावर हा थर फारच पातळ असतो.

दुसरी गोष्ट, पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक तोंडं. त्यांतून हवा आत-बाहेर होते आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. बाहेरच्या झाडात उन्हाचा चटका वाढला की ही तोंडं मिटतात. बरणीतल्या अनेक रोपांमध्ये ती उघडीच राहतात. त्यांना मिटण्याची वेळच कधी आलेली नसते, त्यामुळे ‘मिटा’ असा निरोप मिळाला तरी ती नीट ऐकत नाहीत.

तिसरी गोष्ट, मुळं. जेलीत वाढलेल्या मुळांना बारीक केसमुळं कमी असतात आणि मुळापासून खोडापर्यंतची पाण्याची पाइपलाइनही कच्ची असते. जेलीतून आयतं मिळत असताना ओढून कोण घेणार?

चौथी गोष्ट, स्वयंपाक. साखर तयार मिळते म्हटल्यावर पानं स्वतः अन्न बनवण्याचं काम, म्हणजे प्रकाशसंश्लेषण, अर्धवटच करतात. त्यात बरणी बंद असल्यानं दिवसा आतला कार्बन डायऑक्साइडही संपत येतो.

इथं एक गैरसमज दूर करूया. बरणीतलं रोप आजारी नसतं, कमजोरही नसतं. ते बरणीसाठी अगदी योग्य असतं. पण बाहेर पडल्यावर ते ज्या जगासाठी तयार झालं तेच जग उरत नाही.

बाहेर आल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय होतं?

दोन संकटं एकदम येतात, पाण्याचं आणि उजेडाचं.

आधी पाणी. हवा किती तहानलेली आहे, हे मोजायचं एक माप आहे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती वाफ मावेल आणि प्रत्यक्षात किती आहे, यातला फरक काढायचा. हा फरक किलोपास्कलमध्ये सांगतात. फरक जितका मोठा, तितक्या जोरानं हवा पानातलं पाणी ओढते.

मी इंजिनिअर, त्यामुळे गणित करून बघितलं. २५ अंश आणि ९७ टक्के ओलावा असलेल्या बरणीत हा फरक येतो ०.१ किलोपास्कलच्या आसपास. मे महिन्यातल्या वऱ्हाडी दुपारी ४२ अंश आणि २० टक्के ओलावा धरला तर तो येतो साधारण ६.५. म्हणजे जवळजवळ सत्तरपट! ज्या पानावर धड मेण नाही, ज्याची तोंडं मिटत नाहीत आणि ज्याची पाइपलाइन कच्ची आहे, त्याच्यामागे मी सत्तरपट तहानलेली हवा सोडली होती. कुंडीत पाणी होतंच. ते वर चढण्याआधी पान रिकामं झालं. बाबांच्या ‘मंग?’चं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं उत्तर उजेडात आहे. लॅबमध्ये तीन हजार लक्स, तर भर उन्हात एक लाखाच्या आसपास. तीसपटीहून जास्त.

इथं फोनचं उदाहरण घेऊ. बॅटरी फुल झालेली आहे आणि तुम्ही फास्ट चार्जर लावूनच ठेवलाय. चांगल्या फोनमध्ये एक सर्किट असतं, ते करंट कमी करतं. ते सर्किटच नसेल तर? सगळी जास्तीची ऊर्जा उष्णतेत जाईल आणि बॅटरी फुगेल. पानाचंही तसंच. हरितद्रव्य उजेड पकडत राहतं, पण पुढचा कारखाना अर्धवट चालू असल्यानं ती ऊर्जा वापरली जात नाही. मग ती ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूंवर जाते आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे चिडके रेणू तयार होतात. हे रेणू समोर येईल त्याला चावतात. पेशींची आवरणं, प्रथिनं, खुद्द हरितद्रव्यसुद्धा. पान आधी फिकट पडतं, मग पांढरं आणि शेवटी तपकिरी होतं. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात.

निरोगी झाडाकडे याचा बंदोबस्त असतो. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. मग कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइम्स त्याचं पाणी करून टाकतात. पानातले पिवळे-नारिंगी रंग जास्तीचा उजेड उष्णतेच्या रूपात बाहेर सोडतात. प्रोलिनसारखे पदार्थ पेशीत साठून पाणी धरून ठेवतात. म्हणजे अँटिव्हायरस, फायरवॉल, कूलिंग फॅन, सगळं आहे. बरणीतल्या रोपाच्या जीन्समध्येही ते सगळं आहे, फक्त इन्स्टॉल होऊन चालू व्हायला काही दिवस लागतात. मी दोन दिवससुद्धा दिले नाहीत.

झाडाचा स्ट्रेस मोजतात कसा?

‘झाडाला स्ट्रेस आलाय’ हे नुसतं बोलणं झालं. शास्त्रज्ञ ते आकड्यात सांगतात.

सगळ्यात भारी पद्धत उजेडाचीच आहे. पान काही वेळ अंधारात ठेवायचं, मग त्यावर क्षणभर प्रखर प्रकाश टाकायचा. हरितद्रव्य त्यातला थोडा उजेड लाल रंगात परत फेकतं. किती परत आला यावरून पानाची सौर यंत्रणा किती शाबूत आहे ते कळतं. या गुणोत्तराला ‘एफव्ही बाय एफएम’ म्हणतात. निरोगी पानात ते ०.८३ च्या आसपास असतं. खाली घसरलं की समजायचं, यंत्रणेला मार बसलाय. यासाठी पान तोडावंही लागत नाही.

दुसऱ्या पद्धती केमिस्ट्रीच्या. पेशींची आवरणं फुटली की त्यातून तयार होणारं एक संयुग मोजतात. एन्झाइम्सचा वेग मोजतात. हायड्रोजन पेरॉक्साइड जिथं साठलंय तिथं पान तपकिरी रंगवणारं रसायन वापरून जणू स्ट्रेसचा नकाशाच काढतात.

असे आकडे रोज घेतले तर साधारण एक कथा दिसते. बाहेर काढल्यावर पहिल्या दिवसांत यंत्रणा घसरते. त्याच वेळी बचावाची एन्झाइम्स वाढायला लागतात. पुढच्या आठवड्यांत नवी पानं येतात आणि आकडे सावरतात. स्ट्रेस बेताचा असेल तर रोप त्यातून शिकतं. एकदम सगळा आला तर शिकायला रोपच उरत नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. बरणीतली जुनी पानं बहुतेक वेळा पूर्ण सुधारत नाहीत. खरं काम बाहेरच्या हवेत फुटलेलं नवं पान करतं. म्हणून जुनं पान थोडं पिवळं पडलं तर घाबरू नका, मधल्या कोंबाकडे लक्ष ठेवा.

अननसाची वेगळी गंमत

मी नेमका अननस का आणला, याचंही सांगतो. अननस ब्रोमेलिया कुळातला. या कुळात साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या. भारतात अननस पोर्तुगीजांबरोबर आला. या कुळातल्या कितीतरी जाती मातीत नाही, तर झाडांच्या फांद्यांवर राहतात. पानांच्या मधोमध पाण्याची टाकी करतात आणि पानावरच्या सूक्ष्म खवल्यांनी पाणी शोषतात. इतकी काटक मंडळी! म्हणून मला वाटलं, सेमाडोहच्या उन्हात हे टिकणारच.

अननसाकडे आणखी एक युक्ती आहे. तो दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो. गार हवेत कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं बंद करून त्याचं अन्न करतो. या पद्धतीला ‘कॅम’ म्हणतात. निवडुंगही हेच करतो. फोन रात्री चार्ज करून दिवसा वापरावा, तसं.

पण क्युबातल्या शास्त्रज्ञांनी टिश्यू कल्चरच्या अननसावर काम करून दाखवलं की बरणीत तो ही युक्ती वापरत नाही. तिथं तो साध्या झाडासारखा वागतो. बाहेर आल्यावर, उजेड वाढला आणि ओलावा कमी झाला की हळूहळू ‘कॅम’कडे वळतो. म्हणजे ज्या काटकपणाच्या भरवशावर मी होतो, तो माझ्या रोपांमध्ये अजून चालूच झाला नव्हता. जातीचं नाव काटक आहे म्हणून बरणीतलं रोप काटक नसतं.

हार्डनिंग म्हणजे काय?

आम्ही सॉफ्टवेअर लॅपटॉपवरून थेट लोकांच्या फोनवर टाकत नाही. मध्ये ‘स्टेजिंग’ असतं, खऱ्या जगासारखंच पण नियंत्रणातलं. हार्डनिंग म्हणजे रोपांचं स्टेजिंग. केळीत ते दोन टप्प्यांत होतं.

प्रायमरी हार्डनिंग: बरणीतून काढलेलं रोप धुऊन कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये लावतात आणि पॉलिहाऊसमध्ये ठेवतात. तिथं फॉगरनं ओलावा ८० टक्क्यांच्या वर ठेवतात, उजेड कमी ठेवतात आणि दिवसेंदिवस ओलावा उतरवत नेतात. साधारण चार ते सहा आठवडे.

सेकंडरी हार्डनिंग: मग रोपं पिशवीत लावून शेडनेटखाली ठेवतात. इथं वारा लागतो, ऊन-सावली लागते, दोन पाण्यांमध्ये माती थोडी सुकते. आणखी पाच-सहा आठवडे. रोप फूटभर उंच आणि पाच-सहा पानांचं झालं की वावरात.

यात कोणतंही गुपित औषध नाही. दिलं जातं ते फक्त वेळ आणि मापानं वाढवलेला त्रास.

खरं सांगायचं तर अंजनगावला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिथले पानमळे बघा. नागवेलीला सावली देणारी झाडं, भोवती आडोसा, खाली सतत ओल. मळ्यात पाऊल टाकलं की चार अंश गार वाटतं. पॉलिहाऊस हा शब्द यायच्या आधीपासून आपल्या लोकांना कोवळ्या वेलीभोवती हवा कशी सांभाळायची हे माहीत होतं.

सेमाडोहचा पावसाळा: माझा दुसरा प्रयत्न

जुलैच्या शेवटी पुन्हा सहा रोपं घेऊन घरी गेलो. यावेळी आधी गणित केलं. पावसाळ्यात २७ अंश आणि ८५ टक्के ओलावा धरला तर हवेची तहान येते फक्त ०.५ किलोपास्कलच्या आसपास. बरणीच्या पाचपट, पण मेच्या दुपारपेक्षा बारापट सौम्य. म्हणजे पावसाळ्यातलं सेमाडोह हेच एक भलंमोठं फुकटचं हार्डनिंग चेंबर आहे.

बाबा हे ऐकून हसले. “त्यात काय नवीन हाये? समोर पाह्य ना.” समोर सिपना नदीच्या पलीकडे सागाचं जंगल होतं. मेळघाटातला साग उन्हाळ्यात सगळी पानं टाकून देतो. जिथून पाणी उडतं ती जागाच ठेवत नाही. पाऊस आला की ताटाएवढी नवी पानं. आणि सागाचं बी रुजतं तेही पावसातच, म्हणजे कोवळ्या रोपाला पुढचा उन्हाळा येईपर्यंत अंग धरायला काही महिने मिळतात. जंगलाचं हार्डनिंगचं वेळापत्रक आधीच ठरलेलं आहे. मी मे महिन्यात त्याच्या बरोबर उलट वागलो होतो.

यावेळी मी काय केलं ते क्रमानं सांगतो.

१. जेली कोमट पाण्यात पूर्ण धुतली. जेलीतली साखर राहिली तर बुरशी लगेच येते.

२. माती नाही, ओलसर कोकोपीट. चिखल नाही, मुठीत दाबलं तर थेंब न गळणारं.

३. प्रत्येक रोपावर पाण्याची कापलेली पारदर्शक बाटली उपडी ठेवली. बूच लावलेलं. हीच नवी बरणी.

४. जागा पडवीत, थेट ऊन अजिबात नाही.

५. पाचव्या दिवशी बूच काढलं. दहाव्या दिवशी बाटलीला भोकं पाडली. पंधराव्या दिवसापासून रोज एक-दोन तास बाटली काढायची, मग वेळ वाढवायची. मी पुण्याला परतल्यावर हे काम बाबांनी केलं.

६. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाटली कायमची बाजूला. महिन्यानंतर सकाळचं कोवळं ऊन.

सहापैकी चार जगली. जी दोन गेली ती सुकून नाही, कुजून गेली. सतत झाकून ठेवल्यानं बुरशी आली. म्हणजे दुसऱ्या टोकाची चूकही असते. ओलावा द्यायचा, पण हवाही द्यायची.

तुमचा स्मार्टफोन इथं काय कामाचा?

भरपूर कामाचा आहे.

उजेड मोजा: फोनच्या स्क्रीनच्या वर एक ॲम्बियंट लाइट सेन्सर असतो, ज्यामुळे ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त होतो. अँड्रॉइडवर लक्स मीटरचं कुठलंही साधं ॲप हा आकडा दाखवतं. फोन रोपाच्या जागी, स्क्रीन आकाशाकडे करून ठेवा. आकडा अगदी अचूक नसतो आणि भर उन्हात काही सेन्सर हात टेकतात, पण ‘काल तीन हजार, आज सहा हजार’ ही तुलना नीट होते. आठवड्याला दुपटीपेक्षा जास्त उजेड वाढवू नका, असा नियम मी स्वतःसाठी केला. शेडनेटचा हिशोबही सोपा आहे. ७५ टक्क्यांची नेट एक लाखातले साधारण २५ हजार लक्स आत सोडते, ५० टक्क्यांची साधारण ५० हजार.

ओलावा मोजा: २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस-फोरमध्ये चक्क आर्द्रतेचा सेन्सर होता. आजच्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो. वेदर ॲपचा आकडा तुमच्या पडवीचा नसतो, म्हणून एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि रोपाशेजारी ठेवा.

रोज एक फोटो: त्याच जागेवरून, त्याच वेळी, फ्लॅश न वापरता. आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले की नवा कोंब हलतोय का आणि जुनं पान फिकट होतंय का, ते डोळ्यांपेक्षा लवकर कळतं. बाबा मला असेच फोटो पाठवायचे. कधी नेटवर्क नसलं तर तीन दिवसांचे एकदम यायचे.

रोपं विकत घेताना काय बघायचं?

पहिला प्रश्न: रोप ट्रेमधलं आहे की पिशवीतलं? म्हणजे प्रायमरी झालंय की सेकंडरीही झालंय? स्वस्त रोपाचं रहस्य बहुतेक वेळा इथंच असतं.

दुसरी गोष्ट, पानं बघा. पातळ, काचेसारखी, अर्धपारदर्शक पानं नकोत. जाडसर, गडद, थोडी मेणकट हवीत.

तिसरी, रोप कुठं ठेवलंय ते बघा. विक्रीच्या दिवशीही फॉगरखालीच असेल, तर त्यानं बाहेरची हवा बघितलेली नाही.

चौथी, प्रमाणपत्र मागा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. रोपं विषाणूमुक्त आणि मूळ जातीशी जुळणारी आहेत का, हे त्यात तपासतात. पण हेही लक्षात ठेवा, विषाणूमुक्त असणं आणि उन्हाला तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही विचारा.

मग मामानं काय केलं?

मी मामाला सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “मामा, ते रोप खोटं नाही, अर्धं शिजलेलं आहे. उरलेलं शिजवायला सहा आठवडे लागतात. ते नर्सरीवाल्यानं नाही दिले तर तुम्हाला द्यावे लागतील.”

मामा पक्का वऱ्हाडी, अर्धा विश्वास ठेवणारा. त्यानं अठरा रुपयांची तयार रोपं २,४०० घेतली आणि दहा रुपयांची ५००. त्या पाचशेतली वीस, “पाहू त खरं” म्हणून जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आधीच, सरळ वावरात लावली. ४८० शेजाऱ्याच्या पानमळ्यालगत नेटखाली पिशव्यांत लावली. आमच्या भाषेत याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. मामा त्याला “खातरजमा” म्हणतो.

वावरातल्या विसापैकी तेरा गेली. पिशवीतल्या ४८० पैकी ४५१ जगली. पिशव्या, माती, नेट आणि मेलेल्या रोपांची किंमत धरून जगलेलं एक रोप पंधरा रुपयांच्या घरात पडलं. वाचले तीन रुपये. त्यात मामीची सहा आठवड्यांची सकाळ-संध्याकाळ धरलेली नाही. ती धरली असती तर आठ रुपये स्वस्त असलेलं रोप महागच पडलं असतं. मामी हे बोलून दाखवते आणि मामा ऐकून घेतो.

माझ्या चार अननसांपैकी सगळ्यात मोठं आता बाबांच्या खिडकीत आहे. मधून फुटलेली नवी पानं जुन्या पानांपेक्षा आखूड, जाड आणि काटेरी आहेत. बरणीतून आलेली पहिली दोन पानं केव्हाच वाळली. मी गेलो तेव्हा ती कापून टाकायला निघालो, तर बाबा म्हणाले, “राहू दे. त्याच पानांवर तग धरला त्यानं.”